क्वांटम मेकॅनिक्स: भौतिकशास्त्राची पदवी नसताना पाया कसा पक्का करावा?

कलांतर (धागाकर्ता)

बारावीनंतर भौतिकशास्त्राशी संबंध सुटला, पण क्वांटम मेकॅनिक्स ‘गूढ’, ‘अद्भुत’ या विशेषणांपलीकडे जाऊन समजून घ्यायचंय, अशांसाठी हा धागा. माझा आग्रह एवढाच, की इतिहासापासून सुरुवात करू नका. फक्त दोन पर्याय असलेली व्यवस्था घ्या आणि पहिल्या दिवसापासून आकडेमोड करा.

नेहमीचा क्रम ठरलेला असतो. १९०० चा प्लांक, १९०५ चा आइन्स्टाइन, १९१३ चा बोर, १९२४ चा द ब्रॉय आणि मग १९२६ चं श्रोडिंगरचं समीकरण. गोष्ट म्हणून रंजक आहे. पण वाचक आधी बोरच्या कक्षा शिकतो, मग त्या सोडून द्या असं त्याला सांगितलं जातं, आणि पाठोपाठ आंशिक अवकल समीकरण अंगावर येतं. बहुतेकांची गाडी इथेच रुतते.

दोन पर्यायांच्या व्यवस्थेला गणित फार लागत नाही. संमिश्र संख्यांची बेरीज, गुणाकार आणि निरपेक्ष किमतीचा वर्ग यायला हवा (आय म्हणजे जिचा वर्ग −१ ती संख्या, ३ + ४आय हिच्या निरपेक्ष किमतीचा वर्ग २५ येतो, एवढं जमलं की पुरे). शिवाय दोन घटकांचा सदिश आणि त्याला दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सने गुणणं. कलन सध्या बाजूला ठेवा.

अवस्था म्हणजे दोन संमिश्र संख्या, प्रत्येक पर्यायाला एक. यांना ॲम्प्लिट्यूड म्हणतात. उपकरणातून जाताना त्या मॅट्रिक्सने बदलतात. मोजताना प्रत्येक पर्यायाची संभाव्यता म्हणजे त्याच्या ॲम्प्लिट्यूडच्या निरपेक्ष किमतीचा वर्ग. हा माक्स बोर्नचा १९२६ चा नियम. मोजून झालं की जे उत्तर आलं तीच नवी अवस्था.

आता हे वापरून बघा. एकेक फोटॉन सोडणारा स्रोत, पुढे निम्मा प्रकाश आरपार सोडणारा आणि निम्मा परावर्तित करणारा आरसा. दोन वाटा फुटतात, साधे आरसे त्यांना पुन्हा एकत्र आणतात, तिथे तसलाच दुसरा अर्धपारदर्शक आरसा, आणि शेवटी क व ख असे दोन डिटेक्टर. याला माख-झेंडर इंटरफेरोमीटर म्हणतात. फोटॉन आरपार गेला तर १/√२ ने गुणायचं, परावर्तित झाला तर आय/√२ ने.

क पर्यंत जायच्या दोन वाटा आहेत: दोन्ही वेळा आरपार (१/२) किंवा दोन्ही वेळा परावर्तित (आय × आय × १/२ = −१/२). बेरीज शून्य. ख पर्यंत एकदा आरपार आणि एकदा परावर्तित, तेही दोन प्रकारे: आय/२ + आय/२ = आय, निरपेक्ष किमतीचा वर्ग १. म्हणजे दोन्ही वाटा सारख्या लांबीच्या असतील तर प्रत्येक फोटॉन ख वरच, क वर एकही नाही.

आता परावर्तित वाटेत काळा पुठ्ठा ठेवा. निम्मे फोटॉन पुठ्ठ्यावर संपतात. उरलेल्यांना क पर्यंत १/२ आणि ख पर्यंत आय/२ एवढंच ॲम्प्लिट्यूड, म्हणजे प्रत्येकी २५ टक्के. एक वाट *बंद* केली आणि जिथे काहीच पोहोचत नव्हतं तिथे फोटॉन येऊ लागले. संभाव्यता ऋण नसतात, म्हणून त्यांची बेरीज करून हे कधीच जमत नाही. ॲम्प्लिट्यूडची केली तरच जमतं. ही आकडेमोड तीन-चार वेळा स्वतः, न बघता करा. क्वांटमचा निम्मा गाभा यात आहे.

अर्धविराम

धागा आवडला. पण परावर्तनाला तो आय कुठून आला? ‘असा नियम आहे’ म्हणून गिळायचं का?

कलांतर

गिळू नका, काढून बघा. दोन्हीकडे नुसतं १/√२ घ्या. क ला १/२ + १/२ = १ आणि ख लाही १. दोन्हीकडे संभाव्यता १, म्हणजे एक फोटॉन सोडला आणि दोन सापडले! एकूण संभाव्यता १ राहायची तर आरशाच्या मॅट्रिक्सवर बंधन येतं, आणि ते पाळायला कुठेतरी फेजचा (ॲम्प्लिट्यूडच्या कोनाचा) फरक लागतोच. दोन्ही बाजूंनी सारख्या आरशात तो ९० अंशांचा, म्हणजे आय. एकाच बाजूला लेप दिलेल्या आरशात एका बाजूच्या परावर्तनाला उणे चिन्ह आणि बाकी सगळं धन, असंही मांडतात. अंतिम उत्तर एका डिटेक्टरला शून्य, दुसऱ्याला एक, हेच राहतं. शून्य कुठल्या डिटेक्टरला ते तेवढं मांडणीनुसार ठरतं.

पुढचा सराव: एका वाटेत पातळ काच घालून फेज थोडी मागे टाका. फरक फाय असेल तर ख ची संभाव्यता फाय/२ च्या कोसाइनचा वर्ग आणि क ची साइनचा वर्ग. ९० अंशांना निम्मे-निम्मे, १८० ला सगळे क वर. हे स्वतः सिद्ध करता आलं की पुढे जा.

जुनी_खोड

धागाकर्त्यांशी निम्मा सहमत. दोन पर्यायांच्या खेळाने नियम कळतात, पण अणूला आकार का असतो, वर्णपटात ठरावीक रेषाच का दिसतात, याचा पत्ता लागत नाही. हल्ली तर क्वांटम म्हणजे क्यूबिट (दोन पर्यायांची क्वांटम व्यवस्था) एवढाच समज होऊन बसलाय. माझ्या मते दुसऱ्याच पायरीला डबीतला इलेक्ट्रॉन यायला हवा.

लांबी ठरलेली, दोन्ही टोकांना अभेद्य भिंती. भिंतीवर तरंग शून्य हवा, म्हणून डबीत अर्ध्या तरंगलांबी पूर्ण संख्येत मावायला हव्यात: एक, दोन, तीन... द ब्रॉयच्या मते संवेग म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले तरंगलांबी. ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून पातळ्या १, ४, ९, १६ या पटीत चढतात. एक नॅनोमीटरच्या डबीत इलेक्ट्रॉनची सर्वात खालची ऊर्जा ०.३७६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, दुसरी १.५०. फरक १.१३. प्रकाशाची नॅनोमीटरमधली तरंगलांबी म्हणजे १२४० भागिले इलेक्ट्रॉनव्होल्टमधली ऊर्जा (१२४० तोंडपाठच करा), म्हणून पहिली उडी सुमारे ११०० नॅनोमीटरची, अवरक्त.

डबी निम्मी केली की ऊर्जा चौपट. लहान डबी, मोठी उडी, निळसर प्रकाश. क्वांटम डॉट नावाच्या स्फटिककणांचा रंग आकाराने बदलतो तो मुख्यतः यामुळेच. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच होतं. खऱ्या कणांत आकडे इतके सरळ येत नाहीत, कारण तिथे इलेक्ट्रॉनचं परिणामी वस्तुमान वेगळं असतं आणि मूळ पदार्थाची ऊर्जादरी त्यात मिळवावी लागते.

स्तंभलेखक

जुनी_खोड यांच्या डबीला समीकरण हाताने सोडवायची गरज नाही, स्प्रेडशीट पुरते. कलन विसरलेल्यांनी हा मार्ग जरूर धरावा.

एकके अशी घ्या, की वस्तुमान, डबीची लांबी आणि प्लांकचा स्थिरांक भागिले २π (पाय), हे तिन्ही १. पावलाची लांबी ०.०१, म्हणजे ० ते १०० अशा १०१ ओळी. पहिल्या स्तंभात अंतर, दुसऱ्यात तरंगाची किंमत. वरच्या सेलमध्ये ०, तिच्याखाली ०.०१. तिसऱ्या ओळीपासून सूत्र:

पुढची किंमत = २ × आत्ताची − मागची − २ × ऊर्जा × (पावलाचा वर्ग) × आत्ताची

ऊर्जा वेगळ्या एका सेलमध्ये ठेवा आणि सूत्रात तिचा पत्ता डॉलरची खूण लावून पक्का करा. ते राहिलं तर सूत्र खाली ओढताना पत्ताही सरकतो आणि आलेख सरळ रेघेसारखा दिसायला लागतो. सर्वात जास्त वेळा हीच चूक होते.

ऊर्जा ४.५ टाका. शेवटच्या ओळीत सुमारे +०.०४७ येईल. ५.५ टाका, −०.०५३ च्या आसपास. चिन्ह बदललं, म्हणजे मध्ये कुठेतरी शून्य आहे. मधली किंमत घेत घेत ४.९३ च्या जवळ याल. खरं उत्तर पायचा वर्ग भागिले २, म्हणजे ४.९३४८. एक नॅनोमीटरच्या डबीतल्या इलेक्ट्रॉनसाठी याला ०.०७६२ ने गुणलं की वरचे ०.३७६ इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात. दुसऱ्या ओळीतले ०.०१ मनाचे आहेत, तिथे ५ टाकले तरी ऊर्जा तीच येते. फक्त तरंगाची उंची बदलते.

‘ठरावीकच ऊर्जा का?’ याचं उत्तर इथे डोळ्यांनी दिसतं. कुठल्याही ऊर्जेला समीकरणाचं उत्तर असतंच, पण दुसऱ्या भिंतीवर शून्यावर येऊन टेकणारं उत्तर मोजक्याच ऊर्जांना असतं.

पुढे भिंती मर्यादित उंचीच्या करा. डबीबाहेर सूत्रात ऊर्जेच्या जागी (ऊर्जा − भिंतीची उंची) येईल. तिथे तरंगाचं शेपूट एकदम वर किंवा खाली उधळताना दिसेल. पत्रक बिघडलेलं नाही. वाढत जाणारं उत्तरही गणिताने वैध असतं, आणि ऊर्जा दहाव्या दशांशात चुकली तरी ते डोकं वर काढतं. शेपूट वर उधळणारी आणि खाली उधळणारी अशा दोन ऊर्जा पकडा. खरी पातळी त्या दोन्हींच्या मध्ये.

अर्धविराम

‘कण एकाच वेळी दोन्ही वाटांनी जातो’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते बरोबर की चूक?

खवचट_मांजर

त्या वाक्यातून काही मोजता येत नाही, म्हणून टाळलेलं बरं. ‘कुठल्यातरी एकाच वाटेने जातो, आपल्याला माहीत नसतं इतकंच’ हे मात्र नक्की चूक. तसं असतं तर क वर २५ अधिक २५, म्हणजे ५० टक्के फोटॉन आले असते. प्रयोगात शून्य येतात. ‘माहीत नाही’ आणि ‘सुपरपोझिशन’ (दोन्ही पर्यायांना एकाच वेळी ॲम्प्लिट्यूड असणं) यांतला फरक दुसरा आरसा दाखवतो. एकच आरसा ठेवलात तर दोन्ही सारखेच दिसतात, आणि अर्धे गैरसमज तिथूनच निघतात.

दुसरं खूळ म्हणजे ‘बघितल्याने’ बदलतं, सबब जाणिवेचा काहीतरी हात आहे. बघणारं कोणी लागत नाही. वाटेची माहिती कुठल्याही भौतिक गोष्टीत उमटली की व्यतिकरण (दोन वाटांच्या ॲम्प्लिट्यूडची ती बेरीज-वजाबाकी) जातं. व्हिएन्नात १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंच्या रेणूंचं व्यतिकरण दाखवलं गेलं. २००४ मध्ये तिथेच ७० अणूंचे रेणू लेसरने तापवले आणि व्यतिकरणाचे पट्टे फिके होत गेले, कारण तापलेला रेणू स्वतःच फोटॉन सोडतो आणि त्यातून तो कुठे होता याची माहिती बाहेर पडते. ते फोटॉन कोणी पकडत नव्हतं. जितका रेणू गरम, तितके पट्टे पुसट. याला डीकोहिरन्स म्हणतात, आणि रोजच्या आकाराच्या वस्तूंत सुपरपोझिशन का दिसत नाही याचं व्यवहारातलं उत्तर तेच आहे. (अवांतर: क्वांटमच्या नावावर उपचार विकणाऱ्यांना यातलं काही विचारून बघा.)

सोल्डरगन

आकडेमोडीबरोबर हाताने काही करायचं असेल तर प्लांकचा स्थिरांक एलईडीने मोजता येतो. नऊ व्होल्टची बॅटरी, १० किलोओहमचा रोधक, मल्टिमीटर आणि पारदर्शक टोपणाच्या चार-पाच रंगांच्या एलईडी. रोधक आणि एलईडी एकामागोमाग एक जोडा, एलईडीच्या दोन पायांवर व्होल्टेज मोजा. प्रवाह पाऊण मिलिअँपियरच्या आसपास राहतो आणि रंग बदलला तरी फारसा हलत नाही. हे महत्त्वाचं, कारण तुलना साधारण सारख्या प्रवाहालाच करायची.

आडव्या अक्षावर १ भागिले तरंगलांबी, उभ्यावर व्होल्टेज. चढ १२४० व्होल्ट-नॅनोमीटरच्या जवळ यायला हवा. उदाहरणार्थ लाल ६३० आणि निळी ४७० नॅनोमीटरची असेल तर दोन्हींच्या व्होल्टेजमधला फरक ०.६७ व्होल्टच्या आसपास अपेक्षित. चढ मीटरमध्ये घेऊन त्याला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने (१.६०२ × १० चा उणे १९ वा घात कूलोम) गुणा, प्रकाशवेगाने भागा. पुस्तकी किंमत ६.६२६ × १० चा उणे ३४ वा घात ज्यूल-सेकंद.

एकेका एलईडीच्या व्होल्टेजवरून स्थिरांक काढू नका. व्होल्टेज प्रवाहानुसार आणि तापमानानुसार सरकतं. सगळ्यांत साधारण सारखी असलेली ही सरक चढ घेतल्यावर बरीचशी वजा होते. पांढरी एलईडी अजिबात नको; ती आतून निळीच असते, वर पिवळसर प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर. रंगीत टोपणावरही भरवसा नको, विक्रेत्याकडून तरंगलांबीचा आकडा घ्या. हिरवी एलईडी बहुधा रेषेबाहेर पडते, कारण तिचा अर्धवाहक लाल-पिवळ्यांपेक्षा वेगळ्या कुळातला असू शकतो आणि वरची सरक मग सारखी राहत नाही. दहा-वीस टक्के चूक आली तर प्रयोग नीट झाला समजा.

प्रकाशवाट

त्याहून सोपं: ध्रुवण करणाऱ्या तीन पत्र्या, म्हणजे पोलरायझर. पहिली उभी, दुसरी आडवी, पलीकडे अंधार. त्यांच्या *मध्ये* तिसरी ४५ अंशांवर सरकवा, प्रकाश येतो. पहिलीतून निम्मा, पुढे ४५ च्या कोसाइनचा वर्ग म्हणजे निम्मा, पुन्हा निम्मा, एकूण १२.५ टक्के. खऱ्या पत्र्या थोडा शोषतात म्हणून प्रत्यक्षात कमीच. तिसरी पत्री मध्ये न घालता पुढे किंवा मागे ठेवली तर अंधार तसाच राहतो, हेही करून बघा.

त्रिमिती सिनेमाचे चष्मे यासाठी बऱ्याचदा चालत नाहीत, कारण त्यांत वर्तुळाकार ध्रुवण असतं आणि काच उलटी धरली की वागणूक बदलते. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर हा प्रयोग साध्या प्रकाशतरंगांनीही समजावता येतो. तो क्वांटम होतो तो एकेक फोटॉन सोडल्यावर: पत्रीपाशी अर्धा फोटॉन कधीच निघत नाही, पूर्ण तरी जातो नाहीतर थांबतो. १९२२ च्या श्टेर्न-गेरलाख प्रयोगात चांदीच्या अणूंचा झोत चुंबकाने दोनच ठिपक्यांत फुटला, तिथेही गणित हेच. फक्त कोन निम्मा घ्यायचा.

जुनी_खोड

हायझेनबर्गचं अनिश्चिततेचं तत्त्वही एकदा आकड्यांत बघून टाका, म्हणजे ‘मोजताना धक्का लागतो म्हणून’ हे अर्धवट उत्तर डोक्यातून जाईल. स्थान आणि संवेग या दोन्हींच्या फैलावांचा गुणाकार किमान ५.३ × १० चा उणे ३५ वा घात ज्यूल-सेकंद. हा फैलाव त्या अवस्थेचाच गुण आहे. इलेक्ट्रॉन अणूएवढ्या जागेत, म्हणजे मीटरच्या १० चा उणे १० वा घात एवढ्यात कोंडला, तर त्याच्या वेगाचा फैलाव सेकंदाला किमान ५८० किलोमीटर येतो. म्हणूनच तो केंद्रकात जाऊन पडत नाही: आणखी कोंडला तर गतिज ऊर्जा इतकी वाढते की आकर्षणाने मिळणारा फायदा पुरत नाही. एक मिलिग्रॅमचा कण एक मायक्रोमीटरपर्यंत नक्की केला तर हाच फैलाव सेकंदाला ५ × १० चा उणे २३ वा घात मीटर. कुठल्या उपकरणाने मोजणार?

खवचट_मांजर

एंटँगलमेंटबद्दल (दोन कणांच्या अवस्था एकमेकींत गुंतणं) कोणीच लिहिलं नाही, म्हणून. ‘एका हातमोज्यावरून दुसरा कळतो’ छापाची उदाहरणं सोडा, हा खेळ घ्या. दोन खेळाडू, दोन खोल्या, बोलायला बंदी. पंच प्रत्येकाला ० किंवा १ ची चिठ्ठी देतो, प्रत्येक जण ० किंवा १ उत्तर देतो. दोन्ही चिठ्ठ्या १ असतील तर उत्तरं वेगळी हवीत, उरलेल्या तिन्ही जोड्यांना सारखी.

आधी कितीही ठरवून गेलात तरी चारांपैकी तीनच जोड्या जिंकता येतात. पहिल्या तीन अटी पाळल्या की दोघांची सगळी उत्तरं सारखी होतात आणि चौथी मोडते. कमाल ७५ टक्के. आता दोघांकडे गुंतलेल्या फोटॉनांची जोडी द्या. पहिला चिठ्ठीनुसार ० किंवा ४५ अंशांवर मोजतो, दुसरा २२.५ किंवा उणे २२.५ वर. उत्तरं सारखी यायची संभाव्यता म्हणजे कोनांतल्या फरकाच्या कोसाइनचा वर्ग. पहिल्या तीन जोड्यांत फरक २२.५, चौथीत ६७.५. चारांपैकी कुठलीही जोडी आली तरी जिंकायची संभाव्यता ८५.४ टक्के येते. करून बघा.

जॉन बेलने १९६४ मध्ये मांडलेल्या मुद्द्याचं हे सुटसुटीत रूप. त्यावरच्या प्रयोगांसाठी आस्पे, क्लॉझर आणि त्सायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं. यातून निरोप मात्र पाठवता येत नाही: प्रत्येकाला आपल्या खोलीत ५०-५० अशी यादृच्छिक उत्तरंच दिसतात, पलीकडच्याने कुठला का कोन लावेना. जोडून बघितल्याशिवाय काही कळत नाही, आणि जोडायला साधा फोन लागतो.

रेघोट्या

स्तंभलेखक, तुमचं पत्रक केलं. दहाच पावलं घेतली होती. पहिली पातळी ४.८९ आली, दुसरी १९.१० (हवी १९.७४), आणि नववी तर १९५, हवी होती ४००. सूत्र तपासलं, बरोबर आहे.

स्तंभलेखक

सूत्र बरोबरच आहे, पाऊल मोठं आहे. नवव्या पातळीत नऊ अर्ध्या लाटा दहा पावलांत बसवताय, म्हणजे अर्ध्या लाटेला जेमतेम एक पाऊल. वळण दिसणार कुठून? टक्क्यांतली चूक साधारण पातळीच्या क्रमांकाच्या वर्गाने वाढते आणि पावलांच्या संख्येच्या वर्गाने घटते. पावलं दुप्पट केली की चूक चतुर्थांश. शंभर पावलांना पहिली ४.९३४४ येईल, पाचवीत चूक अवघी ०.२ टक्के. दहाच ठेवायची असतील तर पहिल्या दोन पातळ्यांपलीकडचे आकडे वापरू नका. आणि पावलं बदलताना सूत्रातला पावलाचा वर्गही बदला. तो थेट आकडा म्हणून लिहिला असेल तर आधी वेगळ्या सेलमध्ये काढा.